कामगाराचा वकील

न्यायालय म्हटले की काळा डगला घातलेला वकील डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु भारतात एक न्यायपीठ असे आहे की, ज्याच्या दारात वकिलाला आपण होऊन पाऊल टाकता येत नाही. औद्योगिक विवाद कायद्याच्या ३६ व्या कलमाने असा निर्बंध घातला होता की, मालक आणि कामगार यांचा तंटा समेट अधिकाऱ्यापुढे चालू असताना कोणत्याही पक्षाने वकील देऊ नये. आणि तोच तंटा पुढे औद्योगिक न्यायाधिकरणाकडे गेला, तर प्रतिपक्षाची संमती व न्यायाधिकरणाची परवानगी अशा दोन्ही गोष्टी मिळाल्या तरच वकिलाने उभे राहावे. तो कायदा आता इतिहासजमा झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार नव्या कामगार संहिता अंमलात आल्या. पण त्यांपैकी औद्योगिक संबंध संहितेनेही वकिलांवरील हा निर्बंध तसाच चालू ठेवला आहे.

हा निर्बंध वकिलांच्या द्वेषापोटी घातला गेला असे समजण्याचे कारण नाही. मालकाची थैली मोठी, कामगाराचा खिसा रिकामा. मालकाने मुंबईहून नामांकित बॅरिस्टर आणावा आणि कामगाराने तोंडाकडे पाहत बसावे, असे होऊ नये हा त्यामागील हेतू. कामगार संघाचा चिटणीस आणि कंपनीचा अधिकारी यांनी समोरासमोर बसून, कायद्याचा कीस न काढता तंटा मिटवावा अशी कायदा करणाऱ्यांची कल्पना होती. कल्पना चांगली होती. व्यवहार मात्र निराळाच झाला. मालकांच्या संघटनांनी वकिलीची सनद असलेल्या माणसांनाच आपले पदाधिकारी नेमले. १९७६ साली पारादीप बंदराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, एखादा गृहस्थ संघटनेचा खराखुरा पदाधिकारी असेल, तर तो वकील आहे एवढ्या कारणावरून त्याला अडविता येणार नाही. दरवाजा बंद राहिला, पण खिडकी उघडी झाली. कामगार संघांनीही त्याच खिडकीचा उपयोग केला, आणि कितीतरी तरुण वकील कामगार संघांचे उपाध्यक्ष अथवा चिटणीस होऊन न्यायाधिकरणापुढे उभे राहू लागले. कामगाराचा वकील ही जात भारतात अशी अर्धी संघटक आणि अर्धी कायदेपंडित म्हणून वाढली. तिच्या गुणदोषांचे मूळ पुष्कळसे ह्या जन्मकथेत आहे.

अशा वकिलाचे काम न्यायालयात सुरू होत नाही. ते कारखान्याच्या कचेरीतील एका लहानशा खोलीत सुरू होते. कामगाराच्या हाती आरोपपत्र पडते. मुकादमाशी उद्धटपणा, विनापरवानगी गैरहजेरी, मालाची नासधूस असे काहीतरी त्यात लिहिलेले असते. मग खात्याअंतर्गत चौकशी होते. चौकशी करणारा अधिकारी मालकानेच नेमलेला, आरोप मांडणाराही मालकाचाच आणि साक्षीदार मालकाच्या पगारावरचे. कामगाराला फार तर आपला एखादा सहकारी मदतीला घेता येतो. पुढे उच्च न्यायालयापर्यंत जाणाऱ्या प्रकरणाचा पाया ह्याच खोलीत घातला जातो. येथे उलटतपासणीत एखादा प्रश्न विचारावयाचा राहून गेला, तर तो पुढे दहा वर्षांनी विचारता येत नाही. अनुभवी वकील म्हणूनच बडतर्फीचा हुकूम येईपर्यंत थांबत नाहीत. आरोपपत्राचे उत्तर ते स्वतः लिहून देतात, कोणते कागद मागावयाचे ते सांगतात आणि न वाचता कशावरही सही करू नये अशी ताकीद देतात.

मुंबई बंदराच्या विश्वस्त मंडळातील एका कर्मचाऱ्याचे प्रकरण ह्या बाबतीत सर्वांच्या तोंडी झाले. त्याने चौकशीत वकील देण्याची परवानगी मागितली. ती नाकारण्यात आली. मंडळाने मात्र आपल्या बाजूने आपले विधी सल्लागारच उभे केले. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालच्या अखेरीस ह्या प्रकारावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. एका बाजूला कायदा शिकलेला माणूस आणि दुसऱ्या बाजूला कायद्याचा गंधही नसलेला, मग त्या चौकशीला चौकशी कोण म्हणणार, हा त्या निकालाचा आशय. याच्याही आधी, १९७१ साली, औद्योगिक विवाद कायद्यात ११ अ हे कलम घालण्यात आले होते. तोपर्यंत चौकशी रीतसर झाली असेल, तर मालकाने दिलेल्या शिक्षेला न्यायाधिकरण सहसा हात लावीत नसे. नव्या कलमाने न्यायाधिकरणाला शिक्षा बदलण्याचा अधिकार दिला. अपराध लहान आणि शिक्षा मात्र भाकरी तोडण्याची, अशा प्रकरणात कामगाराला पुन्हा कामावर घेण्याचा हुकूम देता येऊ लागला. अंगाचे पाणी करणाऱ्या माणसाला ह्या एका कलमाने जेवढा आधार दिला, तेवढा मोठमोठ्या जाहीरनाम्यांनीही क्वचितच दिला असेल.

येथपर्यंतचे काम झाले नोकरीच्या कायद्याचे. मानवी हक्कांचा कायदा हा शब्द त्या काळच्या कामगार वकिलाच्या तोंडी फारसा नव्हता. नोकरी हा मालक आणि नोकर यांच्यातील करार आणि मूलभूत हक्क हा नागरिक आणि शासन यांच्यातील संबंध, अशी दोन दालने मानली जात. ह्या दोन दालनांमधील भिंत एका दिवसात पडली नाही. ती विटेविटेने काढावी लागली, आणि त्यातील कित्येक विटा वकिलांच्या चिकाटीने हलल्या.

एक वीट १९८६ सालची. सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन ही कलकत्त्याची सरकारी कंपनी. तिच्या नियमांत असे होते की, कायम नोकरालाही तीन महिन्यांची सूचना देऊन, कारण न सांगता काढून टाकता यावे. न्यायमूर्ती मादन यांनी ह्या नियमाला इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाचे नाव दिले. मन मानेल तसे करणाऱ्या त्या राजाची आठवण व्हावी असाच तो नियम होता. निकालपत्राने आधार घेतला तो संविधानाचा आणि त्याबरोबर १८७२ सालच्या करार कायद्याचाही. पोटासाठी नोकरी मागणारा माणूस छापील कागदावर ठिपक्यांच्या रेषेवर सही करतो, ती राजीखुशीची सही नव्हे. आणि दोन पक्षांच्या बळात इतके अंतर असेल, तर तसला अन्यायकारक करार सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. ज्या कायद्याने मालकाची बाजू शतकभर भक्कम केली होती, त्याच कायद्याच्या २३ व्या कलमाने येथे नोकराची बाजू राखली.

परंतु खरी मोठी फट पडली ती त्याआधी चार वर्षे, दिल्लीत. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये तेथे आशियाई क्रीडास्पर्धा भरावयाच्या होत्या. क्रीडांगणे, उड्डाणपूल, निवासस्थाने यांची बांधकामे रात्रंदिवस चालली होती. राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसा अशा प्रांतांतून मुकादमांनी हजारो मजूर आणले होते. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स ह्या संघटनेने तीन समाजशास्त्रज्ञांकरवी ह्या कामांची पाहणी करविली आणि त्यांचा अहवाल जोडून न्यायमूर्ती भगवती यांना पत्र लिहिले. त्या पत्रालाच न्यायालयाने रिट अर्ज मानले.

आकडे पाहण्यासारखे आहेत. मजुराचे किमान वेतन रोजी ९ रुपये २५ पैसे होते. कंत्राटदार ते मुकादमाच्या हाती देई. मुकादम आपली दस्तुरी म्हणून त्यातला एक रुपया ठेवून घेई आणि मजुराच्या हातावर ८ रुपये २५ पैसे पडत. स्त्रियांना ७ रुपये मिळत. समान वेतनाचा कायदा १९७६ पासून पुस्तकात होताच. चौदा वर्षांखालील मुलेही कामावर होती. त्यावर सरकारचे उत्तर असे होते की, मुलांना कामावर ठेवण्यास बंदी करणाऱ्या १९३८ च्या कायद्याच्या परिशिष्टात बांधकामाचा उल्लेखच नाही!

एका रुपयाचा हा तंटा. साध्या वाटेने जावयाचे, तर त्या मजुराने किमान वेतनाच्या १९४८ च्या कायद्याखाली अधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा, तारखा घ्यावयाच्या आणि हजेरीपट मागवावयाचा. तोवर क्रीडास्पर्धा संपणार, बांधकाम संपणार आणि मजूर आपल्या गावी अथवा दुसऱ्या कुठल्या धरणावर निघून जाणार. शिवाय सरकारी पक्षाचे म्हणणे सरळ होते. मजुरांना वेतन देणे ही कंत्राटदाराची जबाबदारी. त्याने कायदा मोडला असेल तर त्याच्यावर खटला भरावा. यात मूलभूत हक्काचा भंग कोठे झाला? आणि ज्यांचा एक पैसाही बुडालेला नाही, त्या संघटनेने न्यायालयात यावे तरी का?

ह्या प्रश्नांना अर्जदारांच्या बाजूने आणि नंतर न्यायासनाने जे उत्तर दिले, ते कायद्याच्या अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा वाचावे असे आहे. संविधानाचे २३ वे कलम वेठीस मनाई करते. वेठ म्हणजे सक्तीने घेतलेले काम. सक्ती म्हणजे केवळ पाठीवरचा चाबूक नव्हे. भूक हीही सक्ती आहे. कायद्याने ठरविलेले किमान वेतन आपले हक्काचे आहे हे ठाऊक असताना कोणता माणूस त्याहून कमी पैशांत आपण होऊन राबेल? तो राबतो, कारण त्याला दुसरा मार्ग नसतो. म्हणून किमान वेतनाहून कमी पैशांत घेतलेले काम हे सक्तीचेच काम होय, आणि ते २३ व्या कलमाचा भंग करते. हे कलम शासनाप्रमाणेच खाजगी कंत्राटदारावरही बंधनकारक आहे. आणि काम ज्याचे चालले आहे त्या शासनाला कंत्राटदाराकडे बोट दाखवून मोकळे होता येत नाही. १८ सप्टेंबर १९८२ रोजी हा निकाल लागला. मुकादमाच्या कनवटीला गेलेला एक रुपया अशा रीतीने थेट मूलभूत हक्कांच्या प्रकरणात जाऊन बसला. मुलांच्या बाबतीतही न्यायालयाने सांगितले की, परिशिष्ट काहीही म्हणो, धोक्याच्या कामावर मुले ठेवू नयेत हे संविधानाच्या २४ व्या कलमात लिहिलेले आहे आणि बांधकाम हे धोक्याचे काम आहे.

ही संघटना ज्या चळवळीतून निघाली, ती आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने सुरू झाली होती. तिच्या उभारणीत सासवडचे विठ्ठल महादेव तारकुंडे यांचा वाटा मोठा. ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. १९६९ साली ते पद सोडून ते दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात वकिली करू लागले. न्यायमूर्तीच्या आसनावरून उतरून पुन्हा वकिलाच्या बाकावर, तेही पुष्कळदा मोबदल्यावाचून, उभे राहणारी माणसे कोणत्याही काळात थोडीच असतात.

क्रीडास्पर्धांच्या पाठोपाठ फरीदाबादच्या दगडखाणींचे प्रकरण आले. बंधुआ मुक्ती मोर्चा ह्या संघटनेने १९८२ च्या फेब्रुवारीत न्यायालयास पत्र लिहिले. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि राजस्थान येथून आलेले मजूर ह्या खाणींत अमानुष स्थितीत राबत आहेत आणि त्यांपैकी अनेक जण वेठबिगार आहेत, असे त्यात म्हटले होते. न्यायालयाने दोन वकिलांना आयुक्त नेमून खाणींवर पाठविले. वकिलाने पुस्तके चाळण्याऐवजी दगडांच्या राशींतून हिंडावे हा प्रकार तोवर क्वचितच कोणी पाहिला असेल. त्यांनी जे पाहिले ते अहवालात लिहिले. हवेत धूळ एवढी की श्वास घेणे कठीण. राहावयाला दगडांवर दगड रचून उभारलेल्या झोपड्या. प्यावयाला नाल्याचे घाण पाणी. आणि अपघातात कोणी लुळा झाला तरी भरपाई नाही. सामाजिक व कायदेविषयक पाहणीसाठी न्यायालयाने आयआयटीतील डॉ. पटवर्धन यांचीही नेमणूक केली. खाणमालकांची आणि हरयाणा सरकारची हरकत अशी की, ज्यांची उलटतपासणी झालेली नाही असे हे अहवाल पुरावा कसे होऊ शकतात? आणि मजुराने उचल घेतली होती असे सिद्ध झाल्याखेरीज त्याला वेठबिगार कसे म्हणता येईल?

ह्या दुसऱ्या हरकतीतील खोच लक्षात घेण्यासारखी आहे. उचलीची नोंद असलीच तर मालकाच्या वहीत असते. अंगठा उठविणाऱ्या मजुराने ती वही कोठून आणावी? १६ डिसेंबर १९८३ च्या निकालाने हे ओझे उचलून दुसऱ्या खांद्यावर ठेवले. मजुराकडून सक्तीने काम घेतले जाते एवढे दिसले की, ते उचलीपोटीच घेतले जाते असे गृहीत धरावे. तसे नसेल तर मालकाने अथवा शासनाने सिद्ध करावे. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात ऊसतोडीचे हंगाम पाहिलेल्या माणसाला ह्या एका वाक्याचे मोल समजावून सांगावे लागणार नाही.

स्त्रियांच्या प्रकरणांत विजयाबरोबर पराभवही आहेत. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना पहिले मूल होण्याची चाहूल लागताच नोकरी सोडावी लागे. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला आणि तो स्त्रीत्वाचा अवमान करणारा आहे असे सांगितले. पण नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास काम जाण्याचा नियम त्याच निकालाने उचलून धरला. तो भाग आज वाचताना नवल वाटते. याउलट १९९७ चा विशाखा खटला. राजस्थानात सरकारी योजनेत काम करणाऱ्या एका ग्रामीण कार्यकर्तीने बालविवाह थांबविण्याचा प्रयत्न केला, म्हणून तिच्यावर अत्याचार झाला. गुन्हेगारांचा खटला निराळा चालू होता. महिला संघटनांनी आणि त्यांच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयापुढे निराळाच प्रश्न मांडला. ही बाई काम करीत होती म्हणून हे घडले; मग काम देणाऱ्याची जबाबदारी काय? त्या विषयावर कायदा नव्हता. भारताने १९९३ साली मान्य केलेल्या, स्त्रियांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराचा आधार घेऊन न्यायालयाने स्वतःच नियम घालून दिले. फली नरिमन यांनी त्या वेळी न्यायालयाचे मित्र म्हणून साह्य केले होते. संसदेचा कायदा व्हावयास त्यानंतर सोळा वर्षे लागली. प्रश्न कसा विचारावा हे ज्या वकिलाला कळले, त्याचे निम्मे काम झाले, असे ह्या प्रकरणावरून म्हणता येईल.

पण निकाल मिळणे आणि पैसे मिळणे यांत किती अंतर असते, हे इंदूरच्या लोकांना सांगावयास नको. तेथील हुकुमचंद मिल १९९१-९२ च्या सुमारास बंद पडली. मिल समापनात गेली, म्हणजे तिची मालमत्ता विकून देणेकऱ्यांची देणी भागवावयाची. अशा वेळी बँका पुढे आणि कामगार मागे हा जुना शिरस्ता. १९८५ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांचे येणे तारण असलेल्या देणेकऱ्यांच्या बरोबरीला आले, आणि त्याआधी १९८२ साली समापनाच्या अर्जात कामगारांचेही म्हणणे ऐकावे असा सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता. म्हणजे वकिलाच्या हाती हत्यारे होती. तरीही हुकुमचंदच्या कामगारांची सुमारे २२९ कोटींची मागणी उच्च न्यायालयाने २००७ साली मान्य केली आणि उरलेल्या सुमारे २२४ कोटींचा धनादेश समापकाच्या हाती पडावयास २५ डिसेंबर २०२३ हा दिवस उजाडावा लागला. तीस वर्षांहून अधिक काळ गेला. कित्येक कामगारांच्या जागी त्यांच्या विधवा आणि मुले रांगेत उभी होती. ह्या तीस वर्षांत प्रत्येक तारखेला कोणीतरी वकील उभा राहिला, जमिनीच्या मालकीचा वाद, बँकांच्या हरकती, भाव न येणारे लिलाव या सर्वांना तोंड देत राहिला. त्याच्या कामाची नोंद कायद्याच्या अहवालांत दोन ओळींचीही नसते.

फीचा प्रश्न येथे ओघानेच येतो. नोकरी गेलेला माणूस वकिलाची फी कोठून देणार? पुष्कळांना ठाऊक नाही की, १९८७ सालच्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमात मोफत वकील मिळण्यास पात्र असणाऱ्यांची जी यादी आहे, तिच्यात औद्योगिक कामगाराचे नाव स्पष्टपणे घातलेले आहे. हा कायदा १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये लागू झाला. जिल्ह्याच्या न्यायालयातच त्याची कचेरी असते आणि अर्ज साध्या कागदावर चालतो. मात्र त्यासाठी अर्जदार हा कायद्याच्या दृष्टीने कामगार असावा लागतो, आणि कामगार वकिलाची सर्वांत जुनी लढाई ह्याच शब्दावर झालेली आहे.

१९५६ साली सौराष्ट्रातील ध्रांगध्रा येथील मिठागरांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. मीठ पिकविणारे आगरिया हे आमचे नोकर नव्हेत, ते स्वतंत्र कंत्राटदार आहेत, असे कंपनी म्हणत होती. कारण ते कुटुंबासह राबत, मदतीला माणसे ठेवीत आणि मिठाच्या मणावर पैसे घेत. न्यायालयाने ते ऐकले नाही. काम कोणाच्या देखरेखीखाली आणि कोणाच्या हुकमतीने चालते, हे पाहून त्याने आगरियांना कामगार ठरविले. तो निकाल लिहिला न्यायमूर्ती नटवरलाल भगवती यांनी; क्रीडास्पर्धांच्या मजुरांचा निकाल देणारे न्यायमूर्ती भगवती हे त्यांचे चिरंजीव.

आज दुचाकीवरून घरोघर जेवणाचे डबे पोहोचविणारा तरुण हाच प्रश्न घेऊन वकिलाच्या पायऱ्या चढतो. कंपनी त्याला भागीदार म्हणते. सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामाची व्याख्या प्रथमच केली आणि त्याला काही सोयी देऊ केल्या, पण औद्योगिक संबंध संहितेतील कामगाराच्या व्याख्येत त्याचे नाव घातलेले नाही. त्याच्यापाशी नेमणुकीचे पत्र नसते, हजेरीपट नसतो, मुकादमही नसतो. असतो तो हातातला मोबाइल. वकील त्याला त्यावरील नोंदी काढून दाखवावयास सांगतो. फेरीचा दर कोण ठरवितो, काम नाकारले तर काय होते, आणि त्याचे खाते एका रात्रीत कोणी बंद केले, हे तो एकेक करून विचारतो आणि उत्तरे कागदावर उतरवून घेतो.